लोण्याच्या खोलीतली झाडं

कासमचाचांचे वडील रत्नागिरीच्या बंदरावर बर्फाच्या लाद्या वाहायचे. खांद्यावर गोणपाट, त्यावर लादी आणि होडीपर्यंत गुडघाभर चिखल. वर्षानुवर्षं हेच केल्यावर त्यांच्या हाताची बोटं मेली. होती जागेवरच, पण भाताचा घास उचलता येईना. मग चाचांची आई त्यांना भरवायची. घरात ताटं दोन आणि खाणारी तोंडं सात. आधी बापाचं व्हायचं, मग त्याच ताटात पोरं बसायची. बापाचं होता होता भात संपला, तर पोरांनी ताट चाटून उठायचं.

हे मला चाचांनीच सांगितलं, पण दुःख म्हणून नाही सांगितलं. मी दुबईला त्यांच्या हाताखाली कारकून म्हणून लागलो, त्या पहिल्या आठवड्यात माझ्या हातून एक खोकं पडलं. तेव्हा सगळ्या हमालांसमोर म्हणाले, "माझ्या बापाच्या हातात जीव नव्हता, तरी त्याच्या खांद्यावरून कधी लादी घसरली नाही. तुझी तर दहाही बोटं चालतात. की बी.ए. करताना तीही गहाण टाकलीस?"

मी आमच्या खानदानातला पहिला ग्रॅज्युएट. ते मी कुणापासून लपवत नाही, तेव्हाही लपवत नव्हतो. चाचांनी ते हेरलं आणि मला नाव पाडलं, 'बी.ए.'. रशीद म्हणून त्यांनी मला कधी हाक मारली नाही. आम्ही दोघं एकमेकांशी आमची कोकणी बोलायचो, इथे सगळ्यांना कळेल अशी लिहितो आहे.

ही साठनंतरची गोष्ट. अमिराती अजून एक झाल्या नव्हत्या. दुबई म्हणजे खाडी, खाडीच्या दोन्ही अंगांना मातीची आणि समुद्री दगडाची घरं, आणि मागे वाळू. आमची कंपनी इंग्रजांची. साहेबलोकांना, तेलवाल्यांना आणि शारजाच्या फौजी छावणीला लोणी, मटण, चीज पुरवायची. दुबईच्या देरा भागात खाडीजवळ कंपनीचं कोल्ड स्टोअर होतं आणि त्याचे सर्वेसर्वा कासम इब्राहिम मुकादम.

जून महिन्यात अख्ख्या दुबईत लोकरीचा कोट घालणारा हा एकच माणूस असेल. फौजेतला जुना खाकी कोट, गळ्यात मफलर. दिवसातून पन्नासदा थंड खोलीत आत-बाहेर करायचे, त्यामुळे नाक बाराही महिने वाहायचं. बोलताना मधेच रुमाल काढून जोरात शिंकरायचे आणि मग उरलेली शिवी पूर्ण करायचे. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "माल थंड राहिला पाहिजे. माणूस गरम असला तरी चालतो."

हे ते नुसतं म्हणत नव्हते. उन्हाळ्यात लोखंडी दाराला हात लावला तर चटका बसायचा. हमाल बलुची, मकरानच्या किनाऱ्यावरून आलेले, अंगाने दणकट. पण दुपारी तेही गलितगात्र व्हायचे. माल ठेवायला आत गेलं की कोणी दोन क्षण जास्त रेंगाळायचा, भिंतीला पाठ लावायचा. चाचा दाराशी उभे राहून ओरडायचे, "यल्ला, बाहर! ये तेरे बाप का हिल स्टेशन है?" एकदा गुलमोहम्मद नावाचा हमाल उन्हात खोकी उतरवताना चक्कर येऊन पडला. बाकीचे त्याला उचलून थंड खोलीत नेऊ लागले, तर चाचा दारात आडवे. बादलीभर पाणी त्याच्या तोंडावर ओतलं आणि म्हणाले, "सावलीत टाका. दार उघडलं की आतली हवा जाते."

आत तेव्हा लोणी होतं. आणि झाडं होती.

ती झाडं पेंबर्टन मडमची. पेंबर्टन आमचे मॅनेजर, त्यांची बायको फुलांची वेडी. दरवर्षी मार्चच्या सुमारास, उन्हाळा सुरू व्हायच्या आधी, इंग्रजांच्या क्लबात फुलांचं प्रदर्शन भरायचं. गुलाब, पिटुनिया, गोड वाटाण्याचे वेल, कुणाच्या परसातले टोमॅटो. त्यात एक वर्ग असायचा डोंगरी झाडांचा. युरोपात जिथे झाड संपून बर्फ सुरू होतो, तिथे खडकाच्या फटीत वाढणारी वीतभरदेखील उंच नसलेली ही झाडं. दुबईत असली झाडं वाढवणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, आणि म्हणूनच त्या वर्गाच्या कपाला सगळ्यात जास्त मान. मडमचा भाऊ विलायतेहून बिस्किटाच्या डब्यात रोपं पाठवायचा, मडम ती व्हरांड्यात ठेवायची आणि मे महिन्यात ती मरायची. एकदा लोण्याचा डबा पोचवायला चाचा स्वतः गेले, तेव्हा मडम मेलेल्या कुंड्यांसमोर बसली होती. चाचा म्हणाले, "मडम, गिव मी. आय कीप विथ बटर."

मडम हसली, पण झाडं दिली.

मग चाचांनी जे केलं ते असं. ही झाडं सहा महिने बर्फाखाली अंधारात झोपतात, हे मडमच्या बोलण्यात आलं होतं. चाचांनी त्यांची रात्र दुबईच्या उन्हाळ्यात आणली. मे ते ऑक्टोबर झाडं लोण्याच्या खोलीत, अंधारात, जवळजवळ कोरडी. नोव्हेंबरात बाहेर काढायची, सकाळचं ऊन द्यायचं, दुपारी परत आत. पडलेल्या घरांचा समुद्री दगड कुटून त्याची खडी कुंडीत भरायची. पाणी वितळलेल्या बर्फाचं, कारण खाडीकाठच्या विहिरी खारट.

झाडांवर माया वगैरे काही नव्हती. रोज सकाळी न्हाव्याचा चिमटा घेऊन बसायचे आणि वाळलेलं एकेक पान उपटायचे, शिव्या देत. "उघड, हरामखोर. सहा महिने कंपनीची वीज खाल्लीस." रोप जरा मलूल दिसलं की मुळासकट काढून शेजाऱ्यांच्या शेळीला. मी एकदा म्हटलं, "चाचा, थोडे दिवस बघा ना, धरेल कदाचित." म्हणाले, "कदाचित धरणाऱ्याला मी पोसत नाही. तुलासुद्धा."

त्यांच्या बायकोचा, आमिनाचाचीचा मात्र झाडांत जीव अडकलेला. दुबईत तेव्हा आमच्या लोकांत बायका फार थोड्या. स्टोअरच्या मागच्या अंगाला खजुरीच्या झावळ्यांची एक खोली, त्यात ती दोघं राहायची. मूल नव्हतं. चाचीला बोलायला दुसरं कोणी नव्हतं. संध्याकाळी मी चहाला गेलो की तिचं बोलणं मोकळं सुटायचं. कुठल्या कुंडीत कळी दिसली, कुठली रुसली आहे, गावाकडे आता काजूला मोहोर आला असेल.

एका जुलैत तिच्या पाठीवर घामोळं उठलं, फोड होऊन पाणी झरू लागलं. तिला रात्र रात्र झोप नाही. ती माझ्यासमोर चाचांना म्हणाली, "अहो, तुमच्या त्या खोलीत मला दहा मिनिटं बसू द्या ना. कोपऱ्यात बसेन, कशाला हात नाही लावणार."

चाचा चहा ओतत होते. मान वर न करता म्हणाले, "तू झाड आहेस का?"

ते हमालांच्या कानी कसं गेलं कोण जाणे. पुढे त्यांच्यात तो विनोदच झाला. कोणी सावलीला बसला, कोणी सुट्टी मागितली, कोणी आजारी पडला की बाकीचे ओरडायचे, "अबे, तू झाड है क्या?" चाचांनाही ऐकू जायचं. त्यांना त्याचा अभिमान वाटायचा असं मला दिसलं.

पहिल्या वर्षी मडमच्या झाडाला कप मिळाला. दुसऱ्या वर्षीही. झाडं क्लबात पोचवायला चाचा आणि मी गेलो होतो, मागच्या दाराने. फाटकाशी उभं राहून आतलं टेबल दिसत होतं. कुंडीपुढे पांढरं कार्ड.

"बी.ए., काय लिहिलंय?"

"पहिला नंबर. मिसेस पेंबर्टन."

"माझं नाव कुठे आहे?"

"नाही."

"खाली बारीक असेल. नीट बघ."

"बारीकही नाही, चाचा. क्लबाच्या मेंबरलाच भाग घेता येतो."

त्यांनी नाक शिंकरलं. रुमाल घडी करून खिशात ठेवला. त्या दिवसापासून त्या माणसाला दुसरं काही सुचेना. कार्डावर स्वतःचं नाव हवं. पगारवाढीसाठी त्यांनी कधी साहेबाचं दार वाजवलं नाही, पण ह्यासाठी मडमकडे गेले, मला दुभाषा म्हणून घेऊन. तिला म्हणाले, पुढच्या वर्षी कार्डावर दोघांची नावं घालता येतील का. मडम वाईट नव्हती. मनापासून आश्चर्य वाटलं तिला. म्हणाली, "पण कासम, झाडं तर माझी आहेत. तू फक्त ती थंड ठेवतोस."

मी हे जसंच्या तसं सांगितलं. गोड करून सांगायची मला सवय नाही.

पुढच्याच वर्षी पेंबर्टन साहेबांची बदली झाली. निघताना मडमने चाचांना एक रोप बक्षीस दिलं, सगळ्यांत लहान, अंगठ्याएवढं. 'सॅक्सिफ्रेज' असं त्याचं नाव; चाचा त्याला सक्सी म्हणायचे. बाकीची झाडं तेल कंपनीच्या डॉक्टरच्या बायकोकडे पोचवायला सांगितली. चाचांनी ती इमानदारीने पोचवली. फक्त आदल्या दिवशी, ऐन मे महिन्यात, सकाळपासून संध्याकाळपर्यंत ती सगळी स्टोअरच्या गच्चीवर ठेवली. मग पाणी मारून, पुसून, ताजी दिसतील अशी करून नेऊन दिली. आठवड्यात एकही उरलं नाही. डॉक्टरीणबाईला वाटलं, आपल्यालाच जमलं नाही. तिने चाचांना बोलावून माफी मागितली. चाचा म्हणाले, "नेव्हर माइंड, मडम. दुबई व्हेरी हॉट."

सक्सी वाढायला वेळ लागला. अंगठ्याएवढ्याची वाटी झाली, वाटीची बशी झाली. दिसायला ती एक घट्ट, टणक उशी. राखाडी-हिरव्या पानांच्या कडेला चुन्याची पांढरी रेघ. फूल येतं तेव्हा देठ दिसतच नाही. अख्खी उशी गुलाबी फुलांनी झाकून जाते. दरम्यान क्लबात नवीन सेक्रेटरी आला, स्कॉटिश इंजिनियर. त्याने जाहीर केलं की कंपन्यांच्या नोकरमाणसांनाही प्रदर्शनात भाग घेता येईल, झाड मात्र स्वतःचं पाहिजे. ते मीच चाचांना वाचून दाखवलं. त्यांनी तीनदा वाचायला लावलं.

त्या मार्चमध्ये सक्सी अशी फुलली की पान शोधावं लागे. वर्गात दुसरं खरं झाड एकच होतं, शारजाच्या एका फौजी अधिकाऱ्याची बायको विमानाने ताजं मागवायची ते. पण प्रवासात त्याची निम्मी फुलं गळलेली. मी स्वतः पाहून आलो आणि चाचांना सांगितलं, "कप तुमचा." त्या दिवशी त्यांनी कोणाला शिवी दिली नाही. हमाल घाबरले.

प्रदर्शनाच्या सकाळी चाचा दाढी करायला न्हाव्याकडे गेले. कुंडी खोलीच्या दारात, ओल्या गोणपाटात बसवलेली. चाची नमाज पढून उठली. झाड आज पहिल्यांदा घरच्या नावाने चार माणसांत चाललं होतं. आमच्याकडे लग्नाला, पैगंबरांच्या जन्माच्या मौलूदला पाहुणा आला की त्याच्यावर गुलाबपाणी शिंपडतात. नवरा मुलगा निघताना त्याच्यावरही शिंपडतात. चाचीच्या माहेरची चांदीची गुलाबदाणी तिच्या पेटीत होती. तिने ती काढली आणि सक्सीवर मनापासून शिंपडलं, दुवा म्हणत. नंतर गोणपाट झाकलं. कोणाला सांगावं असं त्यात तिला काही वाटलंच नाही.

जज एक म्हातारा कर्नल होता, पिकलेल्या मिशांचा. तो सक्सीपुढे बराच वेळ थांबला. चष्मा बदलला. बायकोला बोलावलं. मग वाकून अगदी जवळून पाहू लागला आणि थबकला. पुन्हा वास घेतला. ह्या झाडाला तसला वास नसतो. त्याने सेक्रेटरीच्या कानात काही सांगितलं. सेक्रेटरी आमच्याकडे आला. बिचारा लाजून बोलत होता, पण शब्द स्पष्ट होते: झाडाला अत्तर लावलं आहे, फसवणूक धरली जाते, वर्गातून बाद.

"काय म्हणाला?" चाचांनी मला विचारलं. त्यांना कळलं होतं. तरी विचारलं.

मी सांगितलं.

त्यांनी वाकून स्वतः वास घेतला. त्यांचं नाक वर्षानुवर्षं वाहत आलेलं. त्यांना काही येईना. ते तसेच वाकून हुंगत राहिले, आणि आजूबाजूच्या दोन-तीन मडमा हसल्या. कर्नलने आपल्या मोडक्या हिंदीत मोठ्याने म्हटलं, "बहोत खूबसूरत, मगर पाउडर-वाली औरत का माफिक." तेव्हा सगळेच हसले.

घरी आलो तर चाची दारात उभी. "मिळालं?"

चाचांनी कुंडी खाली ठेवली. "तू काही घातलंस ह्याच्यावर?"

"गुलाबपाणी," ती म्हणाली, हसून. "पाहुण्यासारखं. का, वास राहिला का?"

मला वाटलं आता हात उचलतात. नाही उचलला. आवाजही चढवला नाही. म्हणाले, "पुढच्या बोटीने गावाला जाऊन ये. बरेच दिवस झाले."

चाची खूश झाली. खरंच खूश झाली. गावी न्यायला तिने वेलचीच्या पुड्या बांधल्या, भाचीला काचेच्या बांगड्या घेतल्या. बोट लागली त्या दिवशी चाचा कामावर होते. पेटी घेऊन मी गेलो. धक्क्यावर तिला काय वाटलं कोण जाणे, एकदम म्हणाली, "रशीद, ते रागावलेत का रे माझ्यावर?"

"विचारलं नाही तुम्ही?"

"विचारलं. म्हणाले, रागवायला वेळ कुठाय. परत कधी बोलावतील, काही म्हणाले तुला?"

"नाही."

"बोलावतील," ती म्हणाली. "चहा कोण करून देणार त्यांना?"

बोट सुटल्यावर मी स्टोअरवर आलो. चाचा माल मोजत होते. म्हणाले, "गेली?" मी म्हटलं, गेली. "ठीक. मटणाची खोकी डाव्या खोलीत घे." मी तोंडावर विचारलं, "परत कधी आणणार त्यांना?" ते म्हणाले, "जे एकदा कमजोर निघालं ते मी परत कुंडीत लावत नाही. बी.ए. झालास, एवढं बघून शिकला नाहीस?"

मी म्हटलं, "चाचा, हे हरामीपण आहे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, नाक शिंकरलं आणि मोजणी पुढे चालू केली.

त्या उन्हाळ्यात सक्सी लोण्याच्या खोलीत झोपली. त्यांनी खोलीची चावी कमरेला बांधली. नोव्हेंबरपासून झाडाजवळ दुसऱ्या माणसाला जाऊ दिलं नाही, मलाही नाही. जेवण बाजारातून आणायचे, थंड झालेलं, आणि कुंडीसमोर बसून जेवायचे. खंगले होते. तो कोट त्यांच्या अंगावर दुसऱ्याचा वाटायचा.

पुढच्या मार्चला सक्सी आधीपेक्षा मोठी फुलली. जज दुसरा होता. शारजाच्या बाईने ह्या वेळी दोन झाडं आणली होती, दोन्ही चांगली. जजने तिन्ही झाडं टाचणीने पानं बाजूला सारून पाहिली, मागे सरून पाहिली, परत पाहिली. दुपारी क्लबाच्या हिरवळीवर सगळे जमले. सेक्रेटरीने माइकवर एकेक नाव वाचलं. नाव वाचलं की टाळ्या. आमचं नाव आलं तेव्हाही इंग्रजांनी वाजवल्या, बेताच्या.

कुंडी उचलायला चाचांनी मुद्दाम आमचे हमाल आणले होते, गुलमोहम्मदसकट सगळे. फाटकापाशी ओळीने उभे केले होते, धुतलेले कपडे घालायला लावून. नाव पुकारलं तसे चाचा पुढे गेले नाहीत. आधी वळून फाटकाकडे पाहिलं. हमाल हात खाली सोडून उभे होते. एकाही हाताने टाळी वाजवली नाही. त्यांच्या शेजारी उभा राहून मी वाजवत होतो. माझा एकट्याचाच आवाज तिकडून येत होता. चाचा वळले, जाऊन कप घेतला, आणि साहेबाला 'थँक यू' म्हणायचं विसरले.

मे महिन्यात मला शारजात दुसरी नोकरी लागली. निरोप घ्यायला गेलो तर ते गच्चीवर होते, भर दुपारी. कोट नव्हता. नुसत्या बंडीवर बसले होते, भिंतीच्या पट्टीभर सावलीत. समोर उन्हात सक्सीची कुंडी. कडेची पानं तपकिरी झाली होती.

"आत नाही नेलीत?"

"कशाला? झालं ना काम. खलास."

"मग फेकून द्या."

"बघतोय किती दिवस काढते."

मी म्हटलं, "चाचीला आता तरी बोलवा."

ते झाडाकडेच बघत म्हणाले, "तिकडे पाऊस आहे, झाडं आहेत. इथे येऊन काय करणार?" मग म्हणाले, "जा बी.ए., तुझी गाडी सुटेल."

मी जिन्याकडे गेलो. पहिल्या पायरीवरून वळून पाहिलं तर ते पुढे सरकले होते, सावली सोडून, आणि हाताचा तळवा कुंडीच्या खडीवर ठेवून ती किती तापली आहे ते बघत होते. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. चाचीला त्यांनी बोलावलं नाही. ती गावीच राहिली आणि गावीच वारली.

क्लबाच्या त्या वर्षीच्या प्रदर्शनात, डोंगरी झाडांच्या वर्गात, पहिला नंबर कासम इब्राहिम मुकादम यांना मिळाला. कार्डावर दुसऱ्या कुणाचं नाव नव्हतं.